वरून पिवळी दिसलेली बाग

डिसेंबर लागला की माझ्या पायाला भिंगरी लागते. घरात बसवत नाही, ऑफिसात बसवत नाही. स्कुटीवर बसले की जरा बरं वाटतं, तेही गाडी चालू असेपर्यंतच. सौंसरकडून पांढुर्ण्याला जाताना रस्त्याच्या कडेला संत्र्याचे कॅरेट भरणारी माणसं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे ढीग, कुठल्यातरी चुलीवर उकडणाऱ्या तुरीच्या शेंगांचा वास, सगळं दरसालचंच असतं. थंडीही तीच, स्कार्फ बांधला तरी दात वाजवणारी. आणि मध्येच एखादी पिवळी पडलेली संत्र्याची बाग दिसते. पानं मुडपलेली, बुडाशी पाचोळ्याचा थर. मी नजर वळवते आणि गाडी उगाच जोरात हाणते. नवखं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरेरे, मेली की बिचारी. मेलेली नसते ती. तिला कुणीतरी जाणूनबुजून तहानलेलं ठेवलेलं असतं.

आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. ज्याला अंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, घ्यायचा असतो तो डिसेंबर लागता लागता बागेचं पाणी तोडतो. आमची काळी भारी जमीन, त्यामुळे महिना-दीड महिना तरी थेंब द्यायचा नाही. झाड कासावीस होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, त्याला जिवाची भीती पडते. मग जानेवारीत पाणी सोडलं की ते घाबरलेलं झाड अंगभर फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही, नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी. जास्त झाला तर झाडच जातं. या दोन्हींच्या मधला दिवस नेमका कोणता, हे सांगणारी माणसं पंचक्रोशीत चार-दोन. त्यांतले एक माझे बाबा.

बाबांच्या नावावर संत्र्याचं एक झाड नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच बागा राखल्या. पण डिसेंबर-जानेवारीत त्यांचा थाट काय विचारता! मोटारसायकलवरचे बागवाले आमच्या विहाराच्या पायरीपाशी येऊन उभे राहायचे, "दादा, जरा येऊन पाह्यता का?" आणि बाबा शांतपणे चहा संपवायचे. मध्य प्रदेशातल्या आमच्या शाळेत डिसेंबरात सहामाहीचे पेपर चालू असायचे, तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन बागेत जायचे. ते एक पान तोडायचे नाहीत, फांदीलाच असू द्यायचे, बोटांत धरून त्याची पाठ खालच्या ओठाला लावायचे आणि डोळे मिटायचे. ही त्यांची स्वतःची रीत, दुसऱ्या कुणाला मी असं करताना पाहिलं नाही.

"पाह्य," ते म्हणायचे, "दुपारी तं सारेच पानं मुडपतेत. त्याच्यात काय पाह्यचं? सकाळी पाह्यचं. सकाळी उघडलं तं समज झाडात अजून पाणी हाय. नाई उघडलं, अन् ओठाले थंड नाई लागलं, तं आता चार दिवस थांबायचं अन् पाणी सोडायचं."

मीही ओठाला पान लावून बघायचे. मला आपलं पान पानासारखं लागायचं. घरी आल्यावर माय टोमणा मारायचीच, "माह्यापाशी बसाले टाइम नाई, अन् झाडाचे मुके घेऊन राहिले!" बाबा हसायचे. त्या दिवसांत ते फार हसायचे.

तर मी अशा बापाची लेक, आणि मी अंतराळात धंदा करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. हे वाक्य लिहिताना आजही मला हसू येतं. माझं अंतराळ म्हणजे पांढुर्ण्यात बी-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक खडखडणारा पंखा आणि खालून येणारा खताचा वास. कंपनीचे साहेब बेंगळुरूत. कंपनीची खरी मालमत्ता कुठं, तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर, घिरट्या घालतेय. ते उपग्रह आमच्या बागांचे फोटो काढतात, बेंगळुरूतला संगणक त्यांना रंग देतो, आणि तो रंगीत नकाशा बागवाल्याला, विमावाल्याला, व्यापाऱ्याला, जो घेईल त्याला विकला जातो. हिरवं म्हणजे मजेत, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे काहीतरी बिघडलंय. नकाशावर एका झाडाच्या वाट्याला असे तीन-चार रंगीत चौकोन येतात. गंमत अशी की वरून संत्रं दिसत नाही. एवढा भगवा माल लटकलेला असतो, पण त्या नकाशात भगवं काहीच नाही.

आणि जिथं लाल दिसतं तिथं मी जाते. कारण काहीतरी बिघडलंय एवढंच वरून कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही. ते खाली उभं राहून कुणीतरी मोबाइलवर टिपावं लागतं. ती कुणीतरी म्हणजे मी.

उपग्रह आमच्या भागावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. लोकांनी त्याचं नाव पाडलं, साडेदहावाली. पांढुर्णा रेल्वेलाइनवरचं गाव, लोकांना सगळ्या गोष्टी गाडीसारख्याच वाटतात. मी दिसले की चहाच्या टपरीवरून हाक येते, "काय वं बाई, गेली का तुही साडेदहावाली?" मी म्हणते, गेली. "लेट नोव्हती नं?" बोरगावच्या एका म्हाताऱ्यानं तर कमाल केली. सकाळी नऊला फवारणीच्या पंपानं रस्त्याकडच्या झाडांची धूळ धुऊन काढली. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, "पाव्हणे येऊन राह्यले, तं तोंड धुतलेलं बरं." मी हसत हसत गाडी चालू केली. बरे दिवस होते ते.

कंपनीचा नवा उपग्रह वर जाणार होता त्या सकाळी मी सुटीवर होते, म्हणून बाबांबरोबर अंगणात बसून मोबाइलवर बघितलं. रॉकेट कंपनीचं नव्हतं, परदेशातल्या दुसऱ्याच कंपनीचं, भाड्यानं घेतलेलं. त्यात आणखी कितीतरी कंपन्यांचे उपग्रह होते. आपल्या मंडीतून नागपूरला जाणाऱ्या ट्रकात चार जणांचा माल एकत्र भरतात, तसंच. बाबांनी ते आगीचे लोट बघितले आणि विचारलं, "वर जमीन कोनाची हाय?"

"कोनाचीच नाई, बाबा."

"असं कसं? कोनाची नाई अन् दुकान टाकून राह्यले?"

मी म्हटलं, तिथं आधी जो जाईल तो फिरतो. बाबा म्हणाले, "मंग पयले आमच्या आज्यानं का पाप केलं होतं? त्याले कोनी सांगतलं नाई, पयले जा म्हून." माय आतून ओरडली, चाय थंडी होऊन राह्यली.

आता मुद्द्यावर येते. किती वेळ टाळणार?

पांढुर्णा जिल्हा झाला तो हिवाळा. नव्या पाट्या, नवे साहेब, गावाला उगाच छाती फुगवून चालायची हौस आलेली. बाबा तेव्हा एका मोठ्या बागेवर होते. मालक नागपूरला राहतो, बाग इथं. या मालकानं आमच्याच कंपनीचा नकाशा घेतलेला. बाबांनी डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी तोडलं होतं, जानेवारी नुकता लागला होता, आणि अजून दोन आठवडे तरी थांबायचं असं ते घरात बोलले होते. मला ते माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

त्या आठवड्यात बाबा दोन दिवसांसाठी लोधीखेड्याला आतेभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले. आणि ते गेले त्याच दिवशी माझ्या मोबाइलवर लाल ठिपक्यांची यादी आली, त्यात ती बाग. संगणकाच्या दृष्टीनं बरोबरच होतं, बाग लालभडकच दिसणार. मी गेले, उभी राहिले. ऊन चढलेलं, पानं मुडपलेली, पाचोळा पायाखाली करकरत होता. सुंदर ताण बसला होता. फॉर्म उघडला. कीड, रोग, पाण्याची कमतरता, सोडून दिलेली बाग, इतर. ताण नावाचा चौकोन त्यात नव्हताच. बेंगळुरूत बसलेल्याला काय ठाऊक, कुणी आपल्या हातानं आपली बाग तहानलेली ठेवत असेल!

'इतर' होतं की. तिथं लिहिता आलं असतं. पण 'इतर' दाबलं की तो ठिपका तपासणीला जायचा आणि त्या दिवसाच्या कामात धरला जायचा नाही. आणि महिनाभर ज्याची यादी रोज पूर्ण होईल त्याला टीमलीडर करू, असं बेंगळुरूच्या मॅडमनी फोनवर सांगितलेलं. माझे सगळे दिवस पूर्ण होते, हा एकच उरला होता. भूकही लागली होती. मी मनाशी म्हटलं, पाणी कमी आहेच की, खोटं कुठं आहे? आणि 'पाण्याची कमतरता' वर अंगठा दाबला. कोण वाचतंय, असंही म्हटलं.

वाचलं. संध्याकाळ व्हायच्या आत मालकाच्या फोनवर लाल पट्टी झळकली, बाग धोक्यात, ताबडतोब पाणी द्या. तो नागपुरात घाबरला, त्यानं बागेवरच्या गड्याला फोन केला, गड्यानं ठिबकचे सगळे कॉक उघडले. दुसरा दिवसभर पाणी चालू होतं.

बाबा परत आले तेव्हा मी बागेतच होते. कळल्याबरोबर धावत गेले होते, काय करायचं ते न कळून नुसती उभी. त्यांनी खाली वाकून ओली माती उचलली, मुठीत दाबली, टाकली. गड्याच्या फोनवर मालक मोठमोठ्यानं बोलत होता, "वरून फोटो आला. झाडं मरून राहिली होती. मी पाणी सोडलं नसतं तर तुम्ही बागच मारली असती माझी!" फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वरून झाडाच्या आतलं दिसते का वं?"

तिथंच सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही बाबा, वरून नुसतं पिवळं दिसतं, बाकीचं मी दाबलं. तोंडातून निघालं, "दिसते, बाबा."

त्यांनी मान हलवली. माझा बाप आयुष्यात कुणा मोठ्या माणसाच्या शब्दानं हटला नव्हता, पण लेकीच्या एका शब्दानं हटला. शिकलेली लेक, तिच्या कंपनीचं यंत्र, ती खोटं कशाला बोलेल?

फेब्रुवारीत त्या बागेला फूल आलं नाही. नुसती नवती, पोपटी, लुसलुशीत, बघवत नव्हती. मालक म्हणाला, झाडांना आधीच इजा झाली होती म्हणून. बाबांनी तेही मानलं. मी टीमलीडर झाले. मायनं जिलबी आणली.

त्यानंतर बाबांनी कुणाच्या बागेला ताण दिला नाही. कुणी विचारायला आलं की म्हणायचे, "आता वरून दिसते. मले कायले इचारता?" चिडून म्हणाले असते तर मला चाललं असतं. ते खरंच मनापासून म्हणायचे. हिवाळ्यात अंगणात उन्हाला बसतात, बागांकडे पाठ करून. अंगणातल्या गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या झाडापाशी जाता-येता त्यांचा हात आपोआप पानाकडे जातो, आणि लगेच मागं येतो. हे मी दोन वर्षं रोज बघितलंय. बघितलं आणि डबा भरून ऑफिसला गेले.

उपग्रह वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणालं तर भांडेन. मागच्या साली एका बागेत डिंक्या रोग कोपऱ्यातून शिरत होता, मालकाला पत्ता नव्हता, वरून आधी दिसलं आणि बाग वाचली. तेव्हा मला माझ्या कामाचा गर्व वाटला होता. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कंपनीच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर एक वाक्य येतं, आम्ही माणसाच्या चुका शेतीतून हद्दपार केल्या. सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. रॉकेट, उपग्रह, संगणक, केवढी ती साखळी, आणि तिच्या शेवटच्या टोकाला जेवणाची वेळ टळून गेलेली एक बाई अंगठा घेऊन उभी. हद्दपार कुठली? चूक तर पगारावर ठेवलीय त्यांनी!

हे सगळं डोक्यात घेऊन मी एक डिसेंबर काढला. हा दुसरा. गेल्या आठवड्यात ऑफिसात बसले होते, तेव्हा नवा फॉर्म आला. त्यात हिंदीत एक नवा चौकोन होता, पानी जानबूझकर बंद. मी तीन वेळा लिहून कळवलं होतं, शेवटी कुणीतरी ऐकलं. आनंद व्हायला हवा होता. पण मला खुर्चीत बसवेना. खाली जाऊन चहा प्याले, वर आले, परत खाली गेले. दुकानवाला म्हणाला, "काय बाई, काही हरवलं का?"

रविवारी सकाळी गुलाबकाका आले. आमच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे त्यांची छोटीशी बाग आहे, पन्नासेक झाडांची. बाबांपेक्षा लहान, बाबांना दादा म्हणतात. येऊन उकिडवे बसले.

"दादा, एक बार पानं पाहून द्या नं. मले समजून नाई राह्यलं, पाणी कवा सोडू."

"आपल्या पोरीले इचार," बाबा म्हणाले. "तिच्या मशीनले दिसते."

"मशीनले मी कायले इचारू? तुमी हा नं इथं."

"मी नाई पाहत आता. माहा हात चुकते. त्या बागेचं का झालं ठाऊक हाय नं तुले? तुही बागही मारीन मी."

गुलाबकाका उठले. पुटपुटत गेले, "हट्टी हा तुमी, लय हट्टी." कुंपण ओलांडून आपल्या झाडांत गेले. बाबा कपातला चहा बघत राहिले. "माहा हात चुकते" हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं होतं, जसं कुणी म्हणावं की गुडघा दुखतो. मला ते सहन झालं नाही. मी दारातच बसले आणि सांगितलं. लोधीखेड्याचं लग्न, फॉर्म, 'इतर', टीमलीडर, अंगठा, सगळं. आणि ते "दिसते, बाबा" सुद्धा.

"वरून आतलं नाई दिसत?" त्यांनी विचारलं.

"नाई. पिवळं दिसते फक्त."

"मंग झाडं मरून नोव्हती राह्यली?"

"नाई, बाबा. ताण चांगला बसला होता. अजून दोन हप्ते थांबायले पायजे होतं. तुमी म्हणाले होते तसंच."

माय आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात पीठ. बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं मला.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं तू मले रोज सकाळी चाय देऊन राह्यली होती."

ते उठले, चपला शोधायला लागले, एक सापडली, एक सापडेना, तसेच एका पायात चप्पल घालून अंगणातून निघाले. कुंपणाची तार वाकवून गुलाबकाकांच्या बागेत शिरले. पहिल्याच झाडाची फांदी खाली ओढली आणि पानाची पाठ ओठाला लावली. मी दारातून बघत होते. किती वेळ ते तसेच उभे होते! मग दुसरं झाड, मग चौथं, मग पार टोकाचं. गुलाबकाका मागं मागं, तोंड उघडं टाकून.

"गुलाब!" बाबांचा आवाज अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा निघाला. "माहा हात चुकला नोव्हता बे!"

"आता तं म्हणत होते चुकते म्हून. मंग कोनाचा चुकला होता?"

बाबा थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"ते सोड," ते म्हणाले. "माहा नोव्हता."

त्यांनी नाव घेतलं नाही. तिथं मला जे झालं ते कसं सांगू? दोन वर्षं मी त्यांच्या हातावर माझी चूक टाकून बसले होते, आणि खरं कळून पाच मिनिटं झाली नाहीत तर हा माणूस मला झाकायला निघाला. मी तशीच धावले, अनवाणी, कुंपणाशी गेले. तार ओलांडली नाही, तेवढी हिंमत नव्हती.

"माहा चुकला होता, काका," मी ओरडले. "त्या बागेचं पाणी माह्याच्यानं सुटलं. बाबाचं बराबर होतं."

गुलाबकाका माझ्याकडे बघायला लागले, मग बाबांकडे. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फांदी हातात तशीच धरून ते गुलाबकाकांना म्हणाले, "ऐकलं नं? आता सांग साऱ्या गावाले."